पदराची गाठ : बेचाळिसाव्या वर्षी ओळखू आलेला एडीएचडी

पहिल्या भेटीला बाई दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी येऊन बसल्या होत्या. माझ्याकडे लोक सहसा उशिरा येतात, म्हणून ते लक्षात राहिलं. काळजी करणारा स्वभाव, असा मी त्याचा अर्थ लावला आणि कागदावर तसं लिहिलंही. तो अर्थ चुकीचा होता. ते कळायला मला अकरा महिने लागले.

बाई म्हणजे शिक्षिका. शाळेतली मुलं त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही तेच. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. ही हकिकत एकाच स्त्रीची नाही. सारख्याच वाटेने आलेल्या काही जणींची मिळून ती बांधली आहे, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. निदानाचा रस्ता मात्र जसा चुकला आणि जसा सापडला, तसाच ठेवला आहे.

वय ४२. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत वीस वर्षांची नोकरी. वर्गात बाईंचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळा गाव सांगे. गोष्ट सांगावी तर बाईंनी, स्नेहसंमेलन बसवावं तर बाईंनी. दीड वर्षापूर्वी सोबतचे ज्येष्ठ गुरुजी निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभार बाईंकडे आला. पगारबिलं, दाखल-खारीज रजिस्टर, ऑनलाइन भरायची माहिती आणि शालेय पोषण आहाराची साठा नोंदवही, हे सगळं तोवर गुरुजी पाहत होते. पहिली ते पाचवीच्या जेवणाऱ्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. ४१ मुलं जेवली तर ४ किलो १०० ग्रॅम साठ्यातून वजा करायचे, एवढाच हिशेब. असली गणितं बाई मुलांना फळ्यावर घालत होत्या. तरीही तपासणीत नोंदवहीतले २२ दिवस कोरे निघाले आणि कारणे दाखवा नोटीस आली. तांदूळ कुठे गेला नव्हता, नोंद राहिली होती.

माझ्याकडे आल्या तेव्हा झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, कारण नसताना रडू फुटत होतं. शाळेच्या वाटेवर एक विहीर आहे, तिथे पाय थांबतात, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत २७ पैकी १६ गुण आले, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. मी एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध १० मिलिग्रॅम सुरू केलं, पहिला महिना दर आठवड्याला बोलावलं आणि त्यांच्या संमतीने विहिरीबद्दल नवऱ्याला सांगितलं. तीन महिन्यांनी गुण ६ वर आले. वाट तीच होती, पण पाय थांबत नव्हते.

माझ्या लेखी उपचार यशस्वी झाले होते. बाई म्हणाल्या, “मॅडम, रडू थांबलं. पण नोंदवही तशीच आहे.”

हे वाक्य मी ऐकलं, लिहून घेतलं आणि त्यावर चुकीचं काम केलं. नैराश्य थोडं उरलं असेल म्हणून औषधाची मात्रा वाढवली. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, तर विसरण्याचं खापर त्यावर फोडलं. आपल्याकडे ते फोडणं फार सोपं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. लोहाच्या गोळ्या दिल्या. थायरॉइड तपासलं, ते ठीक होतं. चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२च्या वर गेलं. जिने चढताना लागणारी धाप गेली, पण नोंदवही तशीच राहिली. दरम्यान बाई दोनदा चुकीच्या दिवशी येऊन गेल्या आणि एकदा औषधाची चिठ्ठी हरवून बसल्या. तिचा फोटो काढून ठेवला होता, पण तो कुठल्या फोनमध्ये ते आठवेना.

अकराव्या महिन्यात त्या पर्समध्ये रक्ताचा रिपोर्ट शोधत होत्या. खांद्यावरून पदर पुढे आला आणि त्याला तीन गाठी दिसल्या.

“ह्या कशाच्या?”

“एक गॅसचा नंबर लावायचा त्याची.” थोडं थांबून म्हणाल्या, “बाकी दोन आता आठवत नाहीत.”

“कधीपासून मारता अशा?”

“आधी रुमालाला मारायचे. तिसरी-चौथीत असेन.”

तिथे मी पेन खाली ठेवलं. नैराश्य येतं आणि जातं, त्याला सुरुवात असते, “अमुक वर्षापासून” असं सांगता येतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या रुमालाच्या गाठी त्या चौकटीत बसत नव्हत्या. अकरा महिने मी त्यांना “जमतं का?” असं विचारत आले होते आणि त्या दरवेळी “जमतं” म्हणत होत्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “जमवायला काय काय करावं लागतं?”

उत्तराला चाळीस मिनिटं लागली. पहाटे चारला उठायचं, कारण साडेपाचला उठलं तर डबा, पूजा आणि बस यांपैकी एक काहीतरी बुडतंच. फोनमध्ये चार गजर, त्यांतला शेवटचा चालू ठेवून फोन डाळीच्या डब्यावर, म्हणजे बंद करायला स्वयंपाकघरात जावं लागतं. घराची आणि शाळेची किल्ली एकाच दोऱ्यात ओवून गळ्यात, ब्लाउजच्या आत. तळहातावर पेनाने लिहायचं आणि भांडी घासायच्या आधी ते वाचायचं. कुठेही जायचं तर दोन तास आधी निघायचं, कारण वाटेत काहीतरी विसरल्याचं लक्षात येऊन परत फिरावं लागतं. नोंदवही महिनाअखेरीला रात्री एकपर्यंत बसून हजेरीवरून पुन्हा जुळवायची. कुणी अचानक घरी आलं तर आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचं. आणि सगळ्यांना हो म्हणायचं, कारण आपल्याकडून चूक होणारच आहे, निदान माणसं रागावलेली नसावीत.

पहिल्या दिवशी त्या दोन तास आधी का आल्या होत्या, ते मला आत्ता कळलं.

एडीएचडी म्हणजे अवधानाची कमतरता आणि चंचलता-उतावळेपणा यांचा विकार. त्याचं जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं, ते वर्गात बाकावर उभ्या राहणाऱ्या मुलाचं असतं. मानसिक आजारांच्या वर्गीकरणाची डीएसएम ही अमेरिकन पुस्तिका १९८०मध्ये पहिल्यांदा म्हणाली की चंचलतेशिवायही अवधानाची कमतरता असू शकते. लक्षणं सातव्या वर्षाच्या आत दिसायला हवीत ही अट मात्र पुढेही राहिली. २०१३च्या डीएसएम-५ने ती बाराव्या वर्षापर्यंत नेली, आणि प्रौढांसाठी एका गटातल्या नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली. मुलींच्या बाबतीत हा बदल मोठा आहे. घरात आई दप्तर भरून देत असेल आणि शाळेत मुलगी गप्प बसत असेल, तर सात वर्षांपर्यंत दिसणार काय? लहानपणी निदान होणाऱ्यांत मुलगे कितीतरी जास्त असतात, मोठेपणी मात्र स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं होत जातं. या मुली मधल्या काळात आजारी पडत नाहीत, त्यांच्याकडे तोवर कुणी पाहिलेलं नसतं.

मग मूल्यमापन नव्याने सुरू केलं. सुरुवात जागतिक आरोग्य संघटनेच्या एएसआरएस या चाळणी प्रश्नावलीने. पहिल्या भागातल्या सहा प्रश्नांपैकी चार वा जास्त प्रश्नांना ठरावीक तीव्रतेचं उत्तर आलं तर पुढे तपासावं असं मानतात. बाईंची पाच आली. पण ते प्रश्न कचेरीत काम करणाऱ्या माणसाला धरून लिहिले आहेत. प्रकल्पाचं शेवटचं किरकोळ काम रेंगाळतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “माझा कुठला प्रकल्प?” मग मी विचारलं, सहल झाल्यावर पावत्या लावून हिशेब कधी दिला? तर दोन वर्षांपूर्वीच्या सहलीच्या पावत्या अजून तांदळाच्या कोठीवर पिशवीत होत्या. असं आपल्या शब्दांत विचारलं की माहिती मिळते, पण गुणांचा काटेकोरपणा जातो, म्हणून तो आकडा मी फक्त दार उघडण्यापुरता वापरला. चाळणीवरून निदान करू नये, आणि मोबाइलवर दोन मिनिटांत भरलेल्या चाचणीवरून तर मुळीच नाही.

खरं काम बालपणाचं होतं, आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिथे एक अडचण असते जिच्याबद्दल परदेशी मार्गदर्शक पुस्तिकांत फारसं सापडत नाही. लहानपणाचे साक्षीदार माहेरी असतात, आजचे सासरी. दवाखान्यात सोबत येतो नवरा, आणि त्याला विसाव्या वर्षाआधीचं काही ठाऊक नसतं. नवऱ्याला मी वेगळं भेटले. ते एका पतसंस्थेत काम करतात, रागीट नाहीत, थकलेले आहेत. “मॅडम, हिला घराचं गांभीर्यच नाही,” म्हणाले आणि एकेक सांगत गेले. दूध आठवड्यातून तीनदा उतू जातं. विजेचं बिल पैसे असून थकतं. बोलणं अर्ध्यावर असताना हिचं लक्ष खिडकीबाहेर. गाडीवरून तीनदा पडली. शिवणयंत्र घेतलं, क्लास लावला, दीड ब्लाउज शिवून ठेवून दिलं. तक्रार म्हणून सांगितलेली ही यादी मी निकषांशेजारी ठेवली तेव्हा त्यांनी नकळत अवधानाची सात लक्षणं उदाहरणांसह दिली होती. गांभीर्य नाही, हे त्यांनी केलेलं स्पष्टीकरण होतं. निरीक्षण पक्कं होतं.

माहेरच्या बाजूने आईंना बोलावलं. त्या कापडी पिशवीतून प्रगतिपुस्तकं घेऊन आल्या, पहिली ते सातवी सगळी. तिसरीला शेरा: “हुशार आहे, परंतु धांदरट.” चौथीला: “वह्या अपूर्ण. वर्गात लक्ष नसते.” पाचवीला: “बोलण्यावर ताबा ठेवावा.” गुण मात्र सत्तरच्या वर. कसे? वडील स्वतः शिक्षक, रोज रात्री कंदिलासमोर शेजारी बसून अभ्यास घ्यायचे. दप्तर आई भरायची. कंपासपेटी वर्षातून चार-पाच हरवायची. दहावीपर्यंत हे चाललं. बारावीला वसतिगृहात गेल्यावर विज्ञानाचे गुण कोसळले, आणि घरात “पोरीचं लक्ष उडालं” असा भलताच संशय घेतला गेला. डी.एड.ला एक मैत्रीण भेटली जी हिला उठवायची, वह्या पुऱ्या करून घ्यायची. नोकरीत गुरुजी भेटले. वडील, मैत्रीण, गुरुजी असा एकाला दुसरा आधार मिळत गेला आणि गुरुजी निवृत्त झाले तेव्हा पहिल्यांदा कुणीच उरलं नाही. बाई बेचाळिसाव्या वर्षी अचानक बिघडल्या नव्हत्या.

आई मधेच रडू लागल्या. “कंपाससाठी मी हिला किती मारलंय,” एवढंच म्हणत राहिल्या.

चंचलतेबद्दल विचारताना मी पूर्वी “एका जागी बसवतं का?” एवढ्यावर थांबत असे. बाई बसतात की, साडी नेसून, मांडी घालून, सभेत तीन तास. पण “आत काय चालू असतं?” म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “एसटी स्टँडवर कसं एकामागून एक गाड्यांचं पुकारतात, तसं दिवसभर. माझी गाडी कुठली तेवढं ऐकू येत नाही.” साडीच्या निऱ्यांखाली पायाचा अंगठा सतत हलत होता. तो दिसायला मला वाकून बघावं लागलं.

आणखी एक प्रश्न मी आता कुठल्याही स्त्रीला सोडत नाही. तंबाखूचा. पुरुषाला आपण दारू-तंबाखू पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, साडीतल्या शिक्षिकेला विचारताना जीभ अडते. बाई वयाच्या तेविसाव्या वर्षापासून मिश्री लावत होत्या, सासूबाईंच्या सोबतीने सुरुवात झालेली, आता दिवसातून पाच वेळा. “लावली की पंधरा-वीस मिनिटं डोकं ठिकाणावर येतं.” निकोटीन अवधान थोडा वेळ सावरतं आणि एडीएचडी असलेल्यांमध्ये तंबाखूचं व्यसन जास्त आढळतं. नोंदवही जुळवायच्या रात्री मिश्री दुप्पट होत असे.

पाळीचंही विचारलं. वर्षभर ती मागेपुढे होत होती, आणि आधीच्या आठवड्यात विसरणं आणि चिडणं दोन्ही वाढायचं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटलं की मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर परिणाम होतो, त्यामुळे हे पटण्याजोगं आहे. नोंद ठेवायला दोन महिन्यांचा तक्ता दिला, तो निम्मा कोरा परत आला. त्यावरून मी काही ठरवलं नाही. रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल भर घालत असतील, पण तिसरीतल्या शेऱ्याचं कारण ते असू शकत नाहीत.

सगळ्यात जास्त मला छळलं ते दुसऱ्याच शंकेने. दोन शिक्षकी शाळा, पाच वर्ग, वर रोजची ऑनलाइन माहिती, घरी चार माणसांचा स्वयंपाक. कुणीही कोलमडेल. जे ओझं व्यवस्थेने लादलं त्याला मी आजाराचं नाव देऊन बाईच्याच डोक्यावर ठेवते आहे का? ही शंका मी हलकी मानत नाही. तिचं उत्तर शोधायला विचारलं, “मे महिन्याच्या सुट्टीत कसं असतं?” ओझ्याचा थकवा असता तर सुट्टीत तो उतरायला हवा होता. बाई म्हणाल्या, झोप होते, डोकं दुखत नाही, मन बरं असतं. आणि? “कुरडया घालायला घेतल्या, चीक शिजत ठेवून शेजारी गेले, करपला. मुलाचा दाखला आणायचा होता, शेवटच्या दिवशी आठवलं.” नवऱ्याने वेगळं विचारल्यावर तेच सांगितलं. ओझं खरं होतं, सुट्टीत ते उतरतही होतं, आणि त्याच्या खालचं काहीतरी तसंच राहत होतं.

बाकीच्या शक्यताही तपासल्या. झोप कमी लागूनही उत्साह ओसंडतोय, खर्च वाढलाय, असे वेगळे ओळखू येणारे दिवस कधी नव्हते, म्हणून द्विध्रुवी विकार बाजूला ठेवला. झोपेतल्या श्वासाच्या त्रासाची शंका यावी असं घोरणं नव्हतं. मार, अत्याचार याबद्दल एकांतात विचारलं, आईच्या फटक्यांपलीकडे काही नव्हतं. संगणकावरची अवधान चाचणी मी केली नाही. शांत खोलीत, नवीन खेळ, समोर कौतुक करणारं माणूस, अशा ठिकाणी बाई उत्तमच करतील, आणि त्या आकड्याने माझीच दिशाभूल होईल. त्यापेक्षा डीएसएम-५च्या निकषांवर आधारलेली सविस्तर मुलाखत दोन बैठकांत घेतली. प्रत्येक लक्षणासाठी आजचं एक आणि बालपणीचं एक उदाहरण, शक्य तिथे दुसऱ्या माणसाकडून पडताळलेलं. आजची अवधानाची नऊपैकी आठ लक्षणं, बालपणीची सात. चंचलता-उतावळेपणाची आजची चार. घर आणि शाळा दोन्हीकडे नुकसान. निदान: एडीएचडी, मुख्यतः अवधानाच्या कमतरतेचा प्रकार. नैराश्यही खोटं नव्हतं, पण ते वरचं होतं.

विहिरीचा मुद्दा मी पुन्हा उघडला. कॅलिफोर्नियात बर्कलीला एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आहे. त्या तरुण झाल्या तेव्हा आत्महत्येचे प्रयत्न इतर मुलींपेक्षा जास्त दिसले, विशेषतः ज्यांच्यात लहानपणी चंचलताही होती त्यांच्यात. बाईंचा प्रकार तो नाही, तरीही प्रत्येक भेटीत मी त्यांना सरळ शब्दांत विचारते, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक नवऱ्याच्याही फोनमध्ये आहे.

उपचारांबद्दल थोडक्यात. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध अमली पदार्थविषयक कायद्याखालच्या यादीत असल्याने आमच्या गावात एकही दुकानदार ठेवत नाही. दर महिन्याला त्यासाठी जिल्ह्याला जाणं, चिठ्ठी न हरवता, हे बाईंच्याकडून होणार नव्हतं. म्हणून रक्तदाब आणि नाडी पाहून ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीवरचंच दुसरं औषध कमी मात्रेत सुरू केलं. पहिले दहा दिवस मळमळ, तोंडाला कोरड. फरक जाणवायला पाच आठवडे लागले. स्टँडवरचं पुकारणं बंद झालं नाही, पण “मधे मधे थांबतं” असं त्या म्हणाल्या.

नोंदवहीचं काम औषधाने झालं नाही, जागा बदलल्याने झालं. ती कार्यालयातल्या कपाटातून निघाली आणि खिचडीच्या पातेल्याशेजारी दोरीने बांधलेल्या पेनासकट टांगली गेली. मुलं जेवायला बसली की आधी आकडा, मग पहिली पळी. पाचवीतल्या दोन मुली रोज आठवण करतात. वीजबिल नवऱ्याच्या खात्यातून आपोआप जातं, आणि त्यावरचं भांडण संपलं. मिश्री पाचवरून दोनवर आली आहे. नऊ महिन्यांत नोंदवहीचे चार दिवस कोरे राहिले. छत्री मात्र या पावसाळ्यात तिसरी आहे.

एका गोष्टीचं उत्तर मला देता आलं नाही. बाईंनी कार्यालयात देण्यासाठी पत्र मागितलं. मी लिहून दिलं: निदान काय, त्याचा नोंदी ठेवण्याशी संबंध काय, लेखनिकाची थोडी मदत मिळाली तर काय फरक पडेल. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्या पत्राला कुणी दाद द्यावी असं बंधन नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हे दिलं तर सेवापुस्तकात शेरा जाईल का? पहिली ते सातवीचे आहेत तेवढे पुरेत.”

नोटिशीचं उत्तर त्यांनी स्वतः लिहिलं, आजाराचा उल्लेख न करता, हजेरीशी तांदूळ जुळवून दाखवून. ते मान्य झालं. माझं पत्र त्यांनी घरी कपाटात, आईने आणलेल्या प्रगतिपुस्तकांच्या पिशवीत ठेवलं आहे.